अकरा निळे ड्रम

या अंकात आपल्या कामाबद्दल लिहिणाऱ्या बाकीच्यांची नोकरीत तीस-पस्तीस वर्षं गेली असतील. माझं काम दोन वर्षांचं, तेही अर्धवेळ, कॉलेज सांभाळून. आता तेही नाही. म्हणून मी लिहावं की नाही, अशी शंका होती. संपादक म्हणाल्या, "जे आठवून अजून चीड येते ते लिही, बाकीचं राहू दे." तसं पाहिलं तर मग एकच गोष्ट उरते.

मी उल्हासनगरची. घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. पप्पा आधी जीन्स रंगवायच्या कारखान्यात होते. तो बंद पडल्यावर अंबरनाथच्या एका कंपनीत माल चढवा-उतरवायच्या कामाला लागले. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला एका संस्थेत काम मिळालं. पद 'आरोग्य सखी'. संस्थेला पैसा अंबरनाथच्याच एका कंपनीकडून यायचा. कोणत्या ते लिहीत नाही, आणि गावाचंही नाव लिहीत नाही. बदलापूर गावाच्या पुढे रिक्षा सोडते, तिथून अर्धा तास चालत, एवढं पुरे. साठेक घरं. बहुतेक जुनी शेतकरी घरं, काहींची जमीन बिल्डरकडे गेलेली, काहींची जायच्या वाटेवर.

काम काय होतं ते सांगते. आठवड्यातून तीन दिवस घरोघर जायचं. खांद्याला पिशवी, पिशवीत बीपीचं मशीन, वजनकाटा, नोंदवही आणि पानं उलटायचा चित्रांचा तक्ता. तक्त्यावर वीस पानं. हात कसे धुवायचे, मीठ-तेल किती, मिश्री का सोडायची, पाणी कसं साठवायचं, साप चावला तर भगताकडे न जाता कुठे जायचं, धोक्याची चिन्हं कशी ओळखायची. प्रत्येक घरात महिन्याला दोन पानं दाखवायची, सही घ्यायची, फोटो काढायचा. फोटो सर्वांत महत्त्वाचा. फोटो नसेल तर भेट झालीच नाही असं धरत.

पहिल्या महिन्यात मी जे शिकले ते तक्त्यावर नव्हतं. 'हे करू नका' असं म्हटलं की माणूस तुमच्याकडे पाहणं बंद करतो. सुनेशी बोलायचं असेल तर आधी सासूपाशी बसायचं. ओट्यावर बसायचं, खुर्ची दिली तरी घ्यायची नाही. मिश्रीवर बोलायचं तर तंबाखू तव्यावर भाजताना येणाऱ्या वासापासून सुरुवात करायची. त्यांना तो वास आवडतो, मग त्या बोलायला लागतात.

एका आजींनी वर्षभर माझ्याशी वाद घातला.

"मिश्री लावली नाय तर माजं पोट साफ व्हत नाय."

"आजी, दात किती राहिलेत तुमचे?"

"पाच. पर पोट साफ हाय ना!"

बाजूच्या बायका हसल्या, मीही हसले. नोंदवहीत लिहिलं, 'समुपदेशन केले.' वर्षाच्या शेवटी त्यांनी दिवसातून चार वेळांची मिश्री दोनवर आणली. त्या दोन वेळा कमी झाल्या याचा मला माझ्या पदवीपेक्षा जास्त आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. गावातले एक पुढारी बुलेटवर हेल्मेट न घालता फिरत. कारण विचारलं तर म्हणाले, "टोपडं घातल्यावर लोक वळखतील कशी मना?" त्यांच्या बाबतीत मी हरले.

पाण्याचं पान मात्र मी जिंकले होते. तेच सांगायचं आहे.

पहिल्या दिवशी ज्या घरी गेले ते बेबीकाकूंचं. साठीच्या, उंच, नाकात मोठी चमकी. घरात मुलगा, सून रूपाली आणि नात स्वरा, चार वर्षांची. मुलगा टेम्पो चालवायचा. बेबीकाकूंनी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग "उल्हासनगरात कुठं" ते विचारलं. मी सांगितलं. मी पाणी मागितलं तेव्हा त्यांनी हंड्याला हात लावू दिला नाही, स्वतः तांब्यात घेऊन वरून माझ्या ओंजळीत ओतलं. मी प्यायले. आमच्या घरात अशा ओंजळीचा अर्थ लहानपणापासून ठाऊक असतो, तो इथे समजावून सांगत नाही. पुढच्या आठवड्यात परत गेले.

सात महिन्यांनी त्यांनी मला पेल्यात पाणी दिलं. तोही घरातला, रोजचा स्टीलचा पेला. रूपालीने फक्त सासूकडे पाहिलं. त्या दिवशी परत येताना मी रस्त्यात एकटीच हसत होते.

त्या गावात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. पाणी हंड्यांत, बादल्यांत, उघड्या टाकीत साठतं. तक्त्याचं पान सात म्हणतं, 'पाणी झाकून ठेवा. भांड्यात हात बुडवू नका. तोटी असलेले भांडे वापरा.' मी महिनाभर हेच सांगत होते आणि बायका विचारत होत्या, "तोटीचं भांडं आनायचं कुठून?"

मला उत्तर ठाऊक होतं. आमच्या घरी मी लहान असल्यापासून निळा ड्रम आहे. दोनशे लिटरचा, जाड प्लास्टिकचा, खाली पितळी तोटी बसवलेली. उल्हासनगरात आमच्या गल्लीत प्रत्येक घराबाहेर असा एक आहे. कंपन्यांतून येतात, भंगारवाले धुऊन विकतात. त्यात कधी काय होतं हे मी जन्मात कधी विचारलं नव्हतं. पाणी साठवायचा ड्रम निळाच असतो, एवढंच मला ठाऊक होतं.

मी पप्पांच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे गेले. ते सिंधी, सगळे त्यांना आदराने साईं म्हणतात. अकरा घरांनी हो म्हटलं होतं. अकरा ड्रम मीच उभी राहून निवडले. वास घेऊन पाहिला, थोडा गोडसर उग्र वास होता. साईं म्हणाले, "धूप में रखो बेटा, दो दिन में उडून जाएगा." बेबीकाकूंच्या मुलाने टेम्पो आणला. तोट्या गावातच बसवल्या. मी प्रत्येक ड्रमवर खडूने 'पिण्याचे पाणी' लिहिलं. आमचे सर, म्हणजे संस्थेचे प्रकल्प समन्वयक, खास गाडी करून आले. अकरा ड्रम, अकरा बायका आणि मध्ये मी, असा फोटो काढला. तो फोटो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला. सर म्हणाले, "प्रणाली, हे मॉडेल आपण दहा गावांत नेऊ."

मला खूप अभिमान वाटला. हे वाक्य लिहिताना हात थांबतो, पण वाटला होता.

पाच-सहा आठवड्यांनी स्वराला उलट्या सुरू झाल्या. तोंडात फोड, जेवण नको. बदलापूरच्या डॉक्टरांनी आधी उन्हाळ्याचं म्हणून औषध दिलं, मग जंताचं दिलं. मी रूपालीला पान सातचीच आणखी एक ओळ सांगितली, "आजारी मुलाला पाणी उकळून, भरपूर पाजा." रूपाली शहाणी मुलगी, तिने तसंच केलं.

एका मंगळवारी मी त्यांच्या ओट्यावर बसले होते. ड्रममधलं पाणी तळाला गेलं होतं. बेबीकाकूंनी तो तोटीच्या बाजूला कलता केला आणि रूपाली खाली पातेलं धरून बसली. ड्रमचा तळ माझ्या समोर आला. तिथे अर्धवट खरवडलेला कागद चिकटून होता. त्यावर लाल चौकोन, चौकोनात हात, हातावर वरून थेंब पडतायत आणि हात झिजतोय.

तक्त्याचं पान चौदा. 'धोक्याची चिन्हे ओळखा.' हे चिन्ह म्हणजे कातडी जाळणारं रसायन. ते पान मी त्या गावात साठ घरांत दाखवलं होतं. त्याच ओट्यावर दोनदा. स्वरानेच बोट लावून विचारलं होतं, "याचा हात कुनी खाल्ला?"

मी फोनवर त्या चिन्हाचा फोटो काढला. चप्पल घातली, रस्त्यावर आले आणि सरांना फोन लावला.

ते शांतपणे म्हणाले, "आधी घाबरू नकोस. कोणाला काही बोललीस?"

"नाही."

"गुड. बघ, तो अहवाल कंपनीकडे गेलाय. सोमवारी मीटिंग आहे, तिथे विषय घेऊ. तोवर गावात एक शब्द बोलायचा नाही. उगाच घबराट होईल. आणि इमोशनल होऊ नकोस, ओके?"

"सर, ती मुलगी तेच पाणी पितेय."

"कशावरून पाण्यामुळेच? तू डॉक्टर आहेस का?"

मी डॉक्टर नव्हते. तिसऱ्या वर्षाची थकलेली फी भरायची होती आणि सरांच्या सहीचं अनुभवपत्र मला पुढच्या प्रवेशासाठी हवं होतं. हे मी नंतर कोणाला सांगितलं नाही, इथे लिहिते. मी "ओके सर" म्हणाले.

संध्याकाळी घरी आल्यावर आमच्या ड्रमसमोर उभी राहिले. पप्पांना विचारलं, "यात काय होतं?"

"कसलं काय?"

"आपण आणायच्या आधी."

पप्पा चहा पीत होते. म्हणाले, "माल होता. आता आठवत नाही. रंगाचं काहीतरी." मग माझा चेहरा बघून सगळं विचारून घेतलं. ऐकून झाल्यावर कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आमच्या कंपनीत रिकाम्या ड्रमला भोक पाडूनच बाहेर सोडायचा नियम आहे. सळई तापवायची आणि तळाला दोन, बाजूला दोन भोकं पाडायची. म्हणजे कोणी पाण्याला वापरू नये."

"मग?"

"मग काय? भोक पाडलेला ड्रम कोण घेणार? एक-दोन पाडतात दाखवायला. बाकीचे तसेच जातात. मीच चढवतो ना गाडीवर."

आपल्याच बापावर ओरडण्याची माझी ती पहिली वेळ. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. "तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही आम्हाला त्यातलं पाजलंत," हे एवढं आठवतं. आई मधे पडली. पप्पा म्हणाले, "आमच्या वेळी ते विचारायला शिकवलं नव्हतं कोणी. तुला शिकवलंय, म्हणून तुला दिसलं." तो टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागला. कारण दिसूनही मी गप्प होते.

दुसऱ्या दिवशी साईंकडे गेले. चिन्हाचा फोनवर काढलेला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला.

"बेटा, मैंने बोला था क्या पिण्याचं पाणी डालो?"

"तुम्ही 'नको' पण नाही बोललात."

"अरे सब घेऊन जातात. हॉटेलवाले, लग्नवाले." त्यांनी दुकानातल्या स्वतःच्या निळ्या ड्रमची तोटी उघडली, पेला भरला आणि माझ्यासमोर पिऊन दाखवला. "ये देख. पंचवीस साल."

मला त्यांच्याशी भांडायचं होतं. पण तो माणूस खरंच ते पाणी रोज पीत होता. कोणाच्या अंगावर ओरडायचं ते मला कळेना. ड्रमवर चिन्ह छापणाऱ्याने चिन्ह छापलं, नियम करणाऱ्याने नियम केला, तक्ता छापणाऱ्याने तक्ता छापला. प्रत्येकाने आपलं काम केलं. आणि त्या सगळ्यांच्या हातून सुटलेला ड्रम उचलून चार वर्षांच्या मुलीच्या घरी मी नेऊन ठेवला, वर खडूने 'पिण्याचे पाणी' लिहिलं.

गुरुवारी माझी त्या घराची ठरलेली भेट होती, बीपी मोजायची. मी गेले. रूपाली चुलीपाशी पातेल्यात ड्रमचं पाणी उकळत होती. मला बघून म्हणाली, "मॅडम, तुमी सांगितलंत तसं वीस मिनटं उकळते. तरी ओकतेच ती."

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी बेबीकाकूंच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडे लिहिले आणि निघून आले.

शुक्रवारी सकाळी बेबीकाकूंच्या मुलाचा फोन आला. स्वराला ॲडमिट केलं होतं, सलाईन लावली होती. त्याने फोन केला कारण फॉर्म भरायला कोणीतरी शिकलेलं हवं होतं.

दवाखान्याच्या बाकावर रूपाली आणि बेबीकाकू बसल्या होत्या. मी फॉर्म भरले. मग आधी डॉक्टरांकडे गेले, फोटो दाखवला, सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "खात्रीने सांगता येणार नाही. पण ते पाणी आजपासून बंद, घरातल्या सगळ्यांचं." मग बाहेर येऊन दोघींसमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. ड्रम कुठून आला, तळावर काय आहे, त्याचा अर्थ काय.

बेबीकाकूंना आधी कळलंच नाही. "पर आमी धुतला व्हता गो. तीनदा धुतला. राखेनं."

"राखेने जात नाही, काकू."

रूपाली माझ्याकडे टक लावून बघत होती. तिने विचारलं, "तुला कदी कळलं?"

तोवर ती मला नेहमी 'तुमी' म्हणायची.

"मंगळवारी."

"आनि काल आलीस तवा?"

"ठाऊक होतं."

"मी पानी उकळत व्हते तवा?"

"हो."

तिने हात उगारला नाही, शिवी दिली नाही. ती उठून आत मुलीपाशी गेली आणि दार लावून घेतलं. बेबीकाकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जा बाय तू. घरी जा."

मी घरी गेले नाही, सरळ गावात गेले. उरलेल्या दहा घरांत जाऊन तेच सांगितलं, तक्ता न उघडता, सही न घेता. एक जण अंगावर धावून आला. एक बाई म्हणाली, "तूच आनलेस ना? आता तूच नेनार? आनि पानी कशात भरू, पदरात?" तिचं बरोबर होतं.

सरांना मी तिथूनच फोन करून सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "तू स्वतःचं नुकसान करून घेतलंस." सोमवारची मीटिंग झाली की नाही मला माहीत नाही. मला पुढच्या महिन्यापासून बोलावलं नाही, अनुभवपत्रही दिलं नाही. पाणी तपासायला कोणी आलं नाही, त्या ड्रमात आधी काय होतं हे अजून कोणी सांगितलेलं नाही. अहवालाच्या मुखपृष्ठावर मात्र तो फोटो आहे. अकरा बायका हसतायत, बेबीकाकू सगळ्यांत उंच. संस्थेच्या भिंतीवर तो मोठा करून लावलाय असं ऐकलं. माझी एक विनंती आहे, कोणी तिथे गेलं तर तो काढायला सांगा.

स्वरा बरी झाली. आधी हे लिहायला हवं होतं. सहा दिवस दवाखान्यात होती, मग हळूहळू जेवायला लागली. तिखट काही लागलं की अजून रडते.

पुढच्या रविवारी पप्पा माझ्याबरोबर गावात आले. मी बोलावलं नव्हतं. पिशवीत दोन सळया होत्या. बेबीकाकूंच्या अंगणात चुलीत सळई तापवली आणि पहिलं भोक मी पाडलं. प्लास्टिक वितळताना तोच गोडसर उग्र वास आला. 'पिण्याचे पाणी' हे माझं अक्षर अजून पुसलं गेलं नव्हतं. नऊ ड्रमांना आम्ही भोकं पाडली. दहावा एकाने आधीच पुढच्या गावात विकला होता, त्याचा पत्ता लागला नाही. अकरावा एका घरात अजून वापरात आहे. त्या घरातले म्हणतात, आम्हाला काही झालं नाही. मी दर वेळी त्यांच्या दारात जाते आणि ते दर वेळी मला हाकलतात. घरी परतल्यावर पप्पांनी आमचा ड्रम गल्लीत ओढला आणि सळई माझ्या हातात दिली.

मी अजून दर रविवारी गावात जाते. पगार नाही, तक्ता नाही, कोणी फोटो काढत नाही. बीपीचं मशीन मी स्वतःचं घेतलं. बेबीकाकू दंड पुढे करतात, पण जास्त बोलत नाहीत. रूपाली चार महिने माझ्याशी काही बोलली नाही.

मागच्या रविवारी ऊन खूप होतं. मी ओट्यावर बसले होते, स्वरा शेजारी येऊन बसली आणि आत बघून म्हणाली, "आये, पानी." रूपाली पेला घेऊन बाहेर आली. हंड्यातलं पाणी, तोच स्टीलचा रोजचा पेला. स्वराने हात पुढे केला, पण रूपालीने पेला माझ्यासमोर धरला.

"आधी तू पी."

मी पेला घेतला आणि अर्धा प्यायले. रूपाली माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली, मनातल्या मनात मोजत असावी इतका वेळ. मग तिने माझ्या हातातून पेला घेतला आणि उरलेलं पाणी मुलीला दिलं.